आई, ती बी ग्रेड तुमच्या वहीची नव्हती

आई, तुमच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि त्यांतल्या चौघांनी एकच गोष्ट सांगितली. सोनवणेबाईंनी एकोणऐंशीव्या वर्षी सुनेचा अभ्यास घेतला, आणि नापास झालेल्या सुनेला युनिव्हर्सिटीच्या दारापर्यंत नेलं. पाचवे मराठी मंडळातले मानेकाका. ते स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलले.

हॉल तीनपर्यंतच मिळाला होता. तीनला तिथे झुंबाचा क्लास असतो. मानेकाका गुडघ्यातल्या प्लेटपर्यंत पोचले तेव्हा दाराबाहेर लेगिंग घातलेल्या आठ-दहा बायका येऊन उभ्या होत्या. शेवटी आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो, तेव्हा त्याही राहिल्या, कोणासाठी ते न विचारता. तुम्हाला आवडलं असतं. वर्ग शांत असला की तुम्ही खूश.

मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. तुमच्या संजयने माझा हात धरला, त्याला वाटलं मला गहिवरून आलंय. मला घाम फुटला होता. चौघं जे सांगत होते ते खरं नव्हतं, आणि ज्या एका माणसाला ते सांगायला हवं होतं त्याला मी सांगितलं नव्हतं.

म्हणून आता सांगते, नऊ आठवडे उशिराने. उशिरा आलेल्या वहीचे तुम्ही किती मार्क कापायचात ते मला ठाऊक आहे. कापा.

आधी एक दुरुस्ती. मी कॉलेजला का गेले हे तुम्ही लोकांना कायम चुकीचं सांगितलंत. "मनीषाला शिकायची हौस फार." हौस कसली? अकरा वर्षं मी हॉस्पिटलच्या रिहॅब वॉर्डात सपोर्ट वर्कर होते. स्ट्रोक झालेल्या, पडून हाड मोडलेल्या माणसांना पुन्हा शर्ट घालायला, भाजी चिरायला, चहा करायला शिकवायचं. काम मी करायचे, आणि शेवटी कागदावर सही करायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट यायची, जी तुमच्या नातीपेक्षा, आपल्या जुईपेक्षा, चारच वर्षांनी मोठी होती. एक दिवस तिने पेन उघडून मला विचारलं, "मनीषा, काय लिहू?" मी सांगितलं काय लिहायचं ते, आणि घरी येऊन कॉलेजचा फॉर्म भरला. एचएनसी नावाचा कोर्स, नोकरी सांभाळून दोन वर्षांचा. चांगल्या ग्रेडने पास झालं तर युनिव्हर्सिटीत डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. मी सत्तेचाळीस वर्षांची होते. ते वाचणारं एक वर्ष मला हवंच होतं.

तुम्ही फॉर्म बघितलात, पदराने चष्मा पुसलात आणि म्हणालात, "अभ्यास मी घेणार." विचारलं नाहीत. संगमनेरच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेलं, दहावीचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेले. ग्लासगोला आल्यापासून तुमच्या हाताला तपासायला काही मिळालं नव्हतं. मधल्या काळात तुम्ही कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या महापालिकेकडून, येणाऱ्या पत्रांतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करत होतात, हे मी संजयला कधी सांगितलं नाही.

तुमचं तत्त्व एकच. "परीक्षक दमलेला असतो, मनीषा. त्याला विचार करायला लावायचं नाही."

त्या तत्त्वाने मी पहिल्या वर्षी दोनदा आपटले.

पहिल्यांदा वर्गातल्या कॉम्प्युटरवर बसून उत्तर लिहायचं होतं. तुम्ही पुस्तकातली अडीच पानं माझ्याकडून पाठ करून घेतली होतीत, स्वल्पविरामासकट. मी ती लिहिली, स्वल्पविरामासकट. आठवड्याने पेपर परत आला तो पिवळा होऊन. पुस्तकाशी जुळणारी वाक्यं तिथला प्रोग्राम पिवळी करतो, आणि माझ्या पेपरात पांढरं म्हणावं असं फक्त माझं नाव उरलं होतं. फिओना, माझी ट्यूटर, मला बाजूला घेऊन फार हळू आवाजात म्हणाली, "मनीषा, फोन जवळ होता का गं?" मी तिथल्या तिथे पहिलं पान म्हणून दाखवलं. दुसरं सुरू केलं तेव्हा तिने हात वर करून थांबवलं. कॉपीचा संशय गेला, पण मार्क काही आले नाहीत. "हे पुस्तकाचं म्हणणं झालं," ती म्हणाली. "तुझं काय?"

घरी आल्यावर तुमची उलटतपासणी.

"म्हणजे शब्दन् शब्द आला तुला?"

"हो."

"आणि म्हणून नापास केलं?"

"त्यांच्याकडे त्याला कॉपी म्हणतात, आई."

"कॉपी करायला अक्कल लागत नाही. हे डोक्यातनं आलंय! त्या बाईला सांग, एक पान पाठ करून दाखव म्हणावं."

दुसऱ्यांदा आपटले ते चहामुळे. प्रश्न असा होता, की तुमच्या कामातला असा प्रसंग लिहा ज्यात तुमचं काहीतरी चुकलं, आणि त्यातून काय शिकलात ते सांगा. तुम्ही तो तीनदा वाचलात. मग कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलंत.

"हा प्रश्न फसवा आहे."

"फसवा नाही. खरंच चूक लिहायची."

"उत्तरपत्रिकेत आपणच आपलं वाईट लिहायचं आणि वर मार्क मागायचे? अगं, यांना तुझ्याकडून लेखी हवंय. उद्या कामावरून काढायला बरं."

मला ते पटलं, हे मी कबूल करते. तुमच्या-माझ्या दोन्ही शाळांत उत्तरपत्रिकेतली चूक अशी खोडायची की परीक्षकाला आपण गोंधळलो होतो हे दिसता कामा नये. ती स्वतःहून, तीही आठशे शब्दांत, कोण लिहून देईल? मग तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं. प्रयोगवहीसारखं. उद्देश: रुग्णाकडून चहा करवून घेणे. साहित्य: किटली, पाणी, टी बॅग, दूध, कप, रुग्ण. मग कृती, मग निरीक्षण, मग अनुमान, आणि खाली दक्षता: रुग्णास भाजणार नाही याची काळजी घ्यावी. आकृती तुम्ही स्वतः काढलीत, टोक केलेल्या पेन्सिलने. किटलीची तोटी, किटलीची मूठ, वाफ. नावं सगळी उजवीकडे, रेघा पट्टीने आडव्या. तेवढी सुबक किटली मी आजवर पाहिलेली नाही. मी सगळ्याचं इंग्रजी केलं, आकृती स्कॅन केली आणि पाठवून दिलं.

फिओनाने खाली हिरव्या शाईत लिहिलं होतं: सुंदर ड्रॉइंग. पण यात मनीषा कुठे आहे?

तुम्हाला मजकुरापेक्षा शाईचा राग आला. "हिरवी शाई? ती मुख्याध्यापकांची. साध्या शिक्षिकेला हिरवी शाई दिलीच कोणी?" मी सांगितलं, की इथे लाल शाईने विद्यार्थ्यांचं मन दुखावतं असं मानतात. मग म्हणालात, "पालकसभा कधी असते?"

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, आई."

"मग मी कोण आहे?"

आणि आलात. कॉलेजच्या ओपन डेला, जांभळी साडी, त्यावर संजयचं फ्लीसचं जाकीट, पायांत स्पोर्ट्‌स शूज, काखेत माझी फाइल. बसमध्ये ड्रायव्हरने "मॉर्निंग, हेन" म्हटलं, म्हणजे इथल्या बोलीत "काय गं पोरी", आणि तुम्ही त्याला मान तुकवून नमस्कार केलात. फिओनासमोर खुर्ची ओढून बसलात आणि इंग्रजीत विचारलंत, "व्हेअर डिड शी लूज द मार्क्स?"

फिओना बिचारी. तिने तुम्हाला चहा दिला, बिस्किट दिलं, आणि मग समजावलं की या प्रकारच्या लिखाणात बरोबर उत्तर, चूक उत्तर असं काही नसतंच.

"नो राँग आन्सर?"

"नो राँग आन्सर, मिसेस सोनवणे."

"देन व्हाय शी फेल्ड?"

फिओनाने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटाकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तुमच्या बाजूने इतकी मनापासून मी कधीच नव्हते.

पण निघताना फिओनाने मला दारापाशी थांबवलं आणि स्पष्ट सांगितलं, ते तुम्ही पुढे लिफ्टपाशी गेल्यामुळे ऐकलं नाहीत. दोन्ही पेपर पुन्हा देता येतील. मात्र पहिल्या वर्षाचा निकाल बघून युनिव्हर्सिटी आधीच बिचकणार. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या प्रोजेक्टला निदान बी ग्रेड मिळाली नाही, तर ते माझा अर्ज उघडणारही नाहीत. आणि तो प्रोजेक्ट म्हणजे अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या चुका.

लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, "बाई बरी आहे. पण शिस्त नाही."

त्या दिवशी मी ठरवलं, आणि इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

तुमचा रविवार मी मोडला नाही. चार ते साडेपाच, डायनिंग टेबल, तुम्ही भिंतीकडच्या खुर्चीत. तुम्ही सांगायचात, मी निळ्या वहीत लिहायचे, तुम्ही लाल पेनाने तपासायचात, खाली सही आणि तारीख. सोमवारी ती वही मी बॅगेत घालून न्यायचे आणि हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवायचे. मग दुपारच्या सुट्टीत, कँटीनच्या मागच्या टेबलावर, दुसऱ्या वहीत दुसरंच लिहायचे. तेच कॉलेजला जायचं. वर्षभर. तुमच्या वहीतली एक ओळसुद्धा फिओनाने पाहिलेली नाही.

यात माया होती असं समजू नका. मी हिशोबी बाई आहे. तुमच्याशी वाद घातला तर दर रविवारी चाळीस मिनिटं जायची, आणि नाही घातला तर शून्य. त्याच वेळात माझी कणीक मळून व्हायची.

एकदाच पकडली जाणार होते. जुई एडिनबराहून सुट्टीला आली होती, तिने ओट्यावर पडलेली माझी दुसरी वही उघडली आणि तुमच्यासमोर म्हणाली, "आई, हा तर आजीचा उत्तर नाहीये." तुम्ही चष्मा शोधायला लागलात. मी म्हटलं, "ती कच्ची वही आहे." तुम्ही लगेच शांत झालात. कच्च्या वहीत काहीही चालतं. जुईने मला बाहेर गाठलं. "आई, यू आर लाइंग टू आजी." मी म्हटलं, "तू आधी तुझे कपडे मशीनमध्ये टाक."

आता त्या दुसऱ्या वहीत काय होतं ते सांगते.

वॉर्डात एक मिस्टर एम होते. खरं नाव लिहायचं नसतं. तुम्हाला ते मुळीच पसंत नव्हतं, "नाव नाही, गाव नाही, परीक्षक विश्वास कशावर ठेवणार?" म्हणून तुम्ही निळ्या वहीत त्यांचं नाव रॉबर्ट ठेवलंत. तुमचा रॉबर्ट गुणी होता. त्याने पहिल्याच प्रयत्नात उत्तम चहा केला आणि सर्व उपस्थितांचे आभार मानले.

माझे मिस्टर एम जहाजांच्या कारखान्यात काम केलेले. स्ट्रोकने उजवा हात गेलेला, डावा थरथरणारा. त्या दिवशी किटली नळापाशी न्यायलाच त्यांना चार मिनिटं लागली. जेवणाची ट्रॉली यायची वेळ झाली होती, मागे अजून दोन पेशंट थांबले होते. मी त्यांच्या हातातली किटली घेतली. प्रेमाने, हसून. "मी करते, तुम्ही बसा." ते म्हणाले, "ऑल राइट, हेन. यू डू इट." आणि बसले. पुढचे तीन दिवस ते किचनमध्ये यायलाच तयार होईनात. म्हणायचे, ती बाई छान करते चहा.

ही माझी चूक. कोणी पाहिली नव्हती. मी लिहिली नसती तर कोणाला कळलीही नसती. पान तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहून झालं तेव्हा त्यात उद्देश, साहित्य काही नव्हतं, नुसतं मीच होते, आणि ते वाचायला काही फार सुखाचं नव्हतं.

त्याला बी मिळाली.

मी कामावरून फोन केला, तर घरी पोचेपर्यंत तुम्ही मिल्क पावडरची बर्फी थापून तयार. संगमनेरला तीन फोन झाले होते. "माझ्या हाताखालचा आणखी एक निकाल," असं तुम्ही शिंदेबाईंना सांगत होतात, आणि स्पीकर चालू होता. मंडळात रविवारी बर्फी वाटलीत. मानेकाकांनी विचारलं, "ए का नाही मिळाली?" तुम्ही म्हणालात, "तिचं अक्षर." ते सगळं ऑनलाइन टाइप केलेलं असतं हे मी बोलले नाही.

मग तुम्ही म्हणालात, "शेरा दाखव."

शेरा दाखवता येणार नव्हता. त्यात पहिल्याच ओळीत किटली होती. फिओनाने लिहिलं होतं: मिस्टर एमचं काम तू पटकन केलंस ते तुझ्या सोयीसाठी, आणि त्यात त्यांचं काहीतरी काढून घेतलंस, हे तू फार प्रामाणिकपणे पाहिलं आहेस.

हे मी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये वाचलं होतं, गाडीत बसून, आणि वाचताना मला मिस्टर एम दिसलेच नाहीत. भिंतीकडच्या खुर्चीतली तुम्ही दिसलात. लाल पेन घेऊन, मन लावून, ज्या वहीचं काहीच होणार नव्हतं ती वही तपासताना. मी पूर्ण वर्षभर तुमच्या हातातली किटली काढून घेतली होती, आणि तुम्हाला मात्र वाटत होतं की चहा तुम्हीच करताय. मिस्टर एमना निदान कळलं तरी होतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. लोक मला धीट म्हणतात. बॉयलरवाल्याशी भांडते, कौन्सिलशी भांडते, एका सर्जनला मी वॉर्डातून बाहेर काढलंय. पण तुम्हाला म्हणाले काय, तर "शेरा बघायला पासवर्ड लागतो, आई."

"मग घाल पासवर्ड."

"सिस्टीम बंद आहे."

दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशीही. "आमच्या बोर्डाचा निकाल बरा," तुम्ही म्हणालात, "भिंतीवर लागायचा. भिंत बंद पडत नाही." मी ठरवलं होतं, युनिव्हर्सिटीचा इंटरव्ह्यू झाला की सांगू. एकदा जागा मिळाली की तुम्ही रागावलात तरी हरकत नाही. सिस्टीम आठ दिवस बंद होती. नवव्या दिवशी सकाळी तुम्ही उठला नाहीत.

तुम्हाला कळलं होतं का? जुईला वाटतं, कळलं होतं. संजयला वाटतं, मी उगाच जिवाला लावून घेते. मी तुमचं कपाट आवरलं, पर्स आवरली, तुमच्या फायली पाहिल्या. माझ्या नावाची चिठ्ठी वगैरे काही सापडली नाही. बसचा पास सापडला, आणि कौन्सिलचं एक पत्र, दहापैकी साडेचार मार्क दिलेलं.

दहा दिवसांनी इंटरव्ह्यू होता. तुमचा संजय म्हणाला, पुढे ढकलू या. मी नाही म्हटलं. तुम्ही एका मुलीला आजोबा वारले म्हणून तोंडी परीक्षा चुकवू दिली नव्हतीत, ही गोष्ट तुम्हीच मला कौतुकाने सांगितली होतीत.

एडिनबराला तीन जण समोर होते. मधल्या बाईने माझा कागद पाहून सरळ विचारलं, "पहिलं वर्ष इतकं वाईट, आणि दुसऱ्या वर्षी हे. मध्ये काय झालं?"

मी उत्तर तयार करून गेले होते. छान होतं, तीन मुद्द्यांचं. ते बाजूलाच राहिलं. मी म्हटलं, "माझ्या सासूबाई माझी शिकवणी घ्यायच्या." मग सगळं सांगितलं. पिवळा पेपर, रुग्ण साहित्यात, आकृती, नो राँग आन्सर. तिघंही हसत होते, एकाने तर चष्मा काढला. मग मी दोन वह्यांचं सांगितलं आणि हसणं थांबलं.

मधली बाई म्हणाली, "पुन्हा संधी मिळाली तर काय वेगळं कराल?"

हा तुमचा फसवा प्रश्न, आई. मी म्हटलं, "खरी वही त्यांच्यासमोर ठेवीन. दर रविवारी चाळीस मिनिटं भांडीन. त्या अर्ध्या वेळा हरल्या असत्या. मला वाटलं होतं त्यांना ते सोसणार नाही. पण त्या परीक्षक होत्या. लोकांना कमी मार्क पडलेले त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, त्यांना स्वतःला पडले असते तर त्या काही मोडून पडल्या नसत्या. हे मी ठरवायला नको होतं."

रडले नाही. पाणी प्यायले.

जागा मिळाली, पण एका अटीवर. थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांचं पहिल्या वर्षाचं शरीरशास्त्र राहिलेलं असतं. ते उन्हाळ्यात ऑनलाइन शिकायचं आणि परीक्षा द्यायची. पास झाले तर जागा माझी, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. पहिल्याच वर्गात शिकवणारा माणूस फार ओशाळून म्हणाला, "सॉरी, याला दुसरा मार्ग नाही. हे सगळं तुम्हाला पाठच करावं लागणार." स्क्रीनवरच्या सगळ्या चेहऱ्यांनी कपाळाला हात लावला. मी माइक बंद करून मोठ्याने हसले. मग खुर्चीतून उठले आणि तुमच्या खोलीच्या दिशेने निघाले, आणि मधल्या पॅसेजमध्ये मला थांबावं लागलं.

कोणाचं मत नको, कोणाचा अनुभव नको. हाडाचं नाव काय, स्नायू कुठून निघतो, कुठे जाऊन चिकटतो. शब्दन् शब्द. दोन वर्षं तुम्ही जे शिकवत होतात ते आत्ता लागतंय, आई, आणि तुम्ही वेळापत्रक पाळलं नाहीत. आयुष्यात एकदाच पाळलं नाहीत, ते आत्ता.

जुई घरी आहे, ती माझ्याकडून म्हणून घेते. पुस्तक धरून बसते, आणि मी अडखळले की अर्ध्या सेकंदात सांगून मोकळी. "पिसिफॉर्म, आई. क्लोज इनफ. नेक्स्ट." पोरगी दयाळू आहे. तुम्ही नव्हतात. तुम्ही त्या अडीच पानांच्या वेळी ओळीवर बोट ठेवून नुसत्या बसायचात. पहिलं अक्षर सांगायचा नाहीत, भुवईसुद्धा हलवायचा नाहीत. मी म्हणायचे, "सांगा ना आई, कुकर उतरवायचाय," तर म्हणायचात, "आहे तुझ्याजवळ. येऊ दे." एका ओळीसाठी तुम्ही अकरा मिनिटं थांबला होतात. मी सारखी घड्याळाकडे बघत होते, म्हणून आकडा माहीत आहे. आणि ओळ आली होती.

हॉस्पिटलात याला काय म्हणतात माहीत आहे? समोरच्याला वेळ देणं, आपले हात मागे ठेवणं. त्यावर कॉलेजात पूर्ण एक विषय आहे. मला तो समजायला फिओनाची दोन वर्षं लागली, आणि तो माझ्या डायनिंग टेबलापाशी भिंतीकडच्या खुर्चीत बसलेला होता. मी कुकर बघत होते.

परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे. काल दुपारी जुईला सांगितलं, आजपासून मदत बंद. मनगटाची आठ हाडं म्हणायची होती. सात आली. आठवं येईना. तिने तोंड उघडलं, मी बोट वर केलं.

"आई, धिस इज टॉर्चर. हा कोणाचा मेथड आहे?"

मी बोट तसंच वर ठेवलं. तिने पुस्तक छातीशी धरलं. शेजाऱ्यांचं गवत कापायचं मशीन सुरू झालं, बरंच चाललं, बंद पडलं. जुईने दोनदा सुस्कारा सोडला, एकदा फोनकडे पाहिलं, पण थांबली.

मग आलं. हॅमेट.